सहा महिन्यांच्या कागदाचा भाव

जांभळ्या झाकणाच्या नळीतला एक थेंब चुकून पिवळ्या झाकणाच्या नळीत गेला, तर धडधाकट माणूस कागदावर मरणाला टेकतो. जांभळ्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं, बहुतेक वेळा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि कॅल्शियमवाचून रक्त गोठत नाही, म्हणून रक्तपेशी मोजायला ही नळी उत्तम. पण त्याचाच अंश पिवळ्या नळीत मिसळला, की रिपोर्टात पोटॅशियम भलतंच चढतं आणि कॅल्शियम तळाला जातं. हृदय कधीही थांबेल असं सांगणारे ते आकडे! लॅबमधल्या लाखो रुपयांच्या यंत्राला यात काहीच वावगं दिसत नाही, कारण नळीत तेवढं पोटॅशियम खरोखरच असतं. हा घोटाळा टाळणं सुई धरलेल्या माणसाच्या हातात. आधी निळी, मग लाल-पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. हा क्रम पाच मिनिटांत पाठ होतो. पेशंट चक्कर येऊन कलंडत असताना, मागे दहा जणांची रांग असताना तो न चुकणं, याला मात्र महिने लागतात.

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात अशा हातांना काम भरपूर. सिडकोच्या घरांच्या तळमजल्यांवर दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, लहान नर्सिंग होम. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून रिलायन्सचं हॉस्पिटल, वस्तीत माथाडी कामगारांचं रुग्णालय, पलीकडे वाशीत महापालिकेचं, नेरूळला डी. वाय. पाटील. त्यामुळे ‘दहावी-बारावी पास? सहा महिन्यांत हॉस्पिटलमध्ये नोकरी’ अशा जाहिरातींना इथे गिऱ्हाईक मिळतंच. कोर्सची नावं वेगवेगळी: जनरल ड्यूटी असिस्टंट (वॉर्डच्या भाषेत नुसतं ‘जीडीए’), पेशंट केअर, मेडिकल असिस्टंट, फ्लेबोटोमी (म्हणजे रक्त काढण्याचं काम). आईवडिलांचा प्रश्न मात्र एकच असतो: पैसे वसूल होतील का?

अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली लिहिलं, की खर्च करून, वेळ देऊन शिकवलेला माणूस हा एखाद्या महागड्या यंत्रासारखा असतो. त्याने साध्या मजुरापेक्षा इतकं जास्त कमवायला हवं, की आयुष्य सरायच्या आत शिक्षणाचा खर्च भरून निघावा. गणित तेव्हापासून तेच आहे. आपण फक्त त्यातला सगळ्यात मोठा आकडा मांडायला विसरतो.

समजा, कोपरखैरण्यातली एक मुलगी दुकानात महिना ११,००० रुपयांवर कामाला आहे. कोर्सची फी ४०,०००, गणवेश, पुस्तकं आणि जाण्यायेण्याचे ६,०००. कोर्ससाठी ती नोकरी सोडते. आकडे समजुतीपुरतेच आहेत, आपापले घालून पाहावेत. घरचे म्हणतील, खर्च ४६,०००. पण सहा महिन्यांचा बुडालेला पगार ६६,००० होतो, आणि तो कुठल्याच पावतीवर छापलेला नसतो. खरा खर्च १,१२,००० रुपये. कोर्सनंतर १५,००० मिळाले, तर महिना ४,००० जास्त, म्हणजे वसुलीला २८ महिने. आता फी पूर्ण माफ करून बघा. कौशल्य विकास योजनेतून असे कोर्स फुकटही होतात. तरी १८ महिने लागतातच! उलट फी पूर्ण भरली, पण नोकरी न सोडता संध्याकाळच्या बॅचला बसली, तर साडेअकरा महिन्यांत हिशेब चुकता. फुकट कोर्सपेक्षा पैसे भरून केलेला कोर्स स्वस्त पडू शकतो, हे पहिल्यांदा कागदावर मांडल्यावर मी बेरीज पुन्हा तपासली होती.

दुसरी गंमत पगाराच्या चिठ्ठीत आहे. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक मोठं हॉस्पिटल, मूळ पगार १५,०००. दुसरा कोपऱ्यावरचा दवाखाना, १४,००० रोख. हॉस्पिटल पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,८०० कापतं, ईएसआयचे पाऊण टक्का, ११३ रुपये. हातात उरतात १३,०८७. (मुलगा असेल तर व्यवसाय करही जातो, बायकांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत तो माफ आहे.) आई म्हणते, दवाखानाच बरा की, नऊशे रुपये जास्त, शिवाय घराजवळ. पण हॉस्पिटल स्वतःच्या खिशातून आणखी १,८०० भरतं. त्यातला मोठा वाटा पेन्शनकडे जातो, उरलेला तिच्या खात्यात. ईएसआयचे सव्वातीन टक्के वेगळे भरतं, त्यातून तिच्या आणि घरच्यांच्या आजारपणाची सोय होते. म्हणजे जो पगार कमी दिसतो तो खरं तर १७,००० च्या वर आहे. दवाखान्याची लबाडी आहे असंही नाही. पीएफचा कायदा साधारणपणे २० कामगारांपासून लागू होतो, ईएसआय १० पासून. चार माणसांच्या दवाखान्याला दोन्ही लागूच नाहीत. तेच सर्टिफिकेट, तीच मुलगी, पण कुठल्या दारात उभी राहिली यावर भाव ठरतो.

आणि हे कोपरखैरण्याला कुणी नव्याने शिकवायला नको. इथल्या कित्येक घरांचा पाया माथाडी कामगाराच्या पाठीवर उभा आहे. हमालांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा आला. बाजारातल्या हमालाची माथाडी मंडळाकडे नोंद झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, आणि तिच्यावर व्यापाऱ्यांनी भरलेल्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस. त्या हमालाकडे कुठलंही सर्टिफिकेट नव्हतं. त्याच्याकडे नोंदणी क्रमांक होता. आज त्याच घरातली नात सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावते आणि विनानोंदणी, विनापीएफ बारा-बारा तासांची ड्यूटी नर्सिंग ब्युरोमार्फत करते, तेव्हा आजोबा शिक्षणाने नव्हे पण कमाईच्या अकलेने दोन पावलं पुढे होते असं म्हणावं लागतं.

नोंदणीचा प्रश्न सर्टिफिकेटलाही आहेच. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. लॅब टेक्निशियन, ऑपरेशन थिएटरचे तंत्रज्ञ, फिजिशियन असोसिएट अशा अनेकांना त्यात कायद्याने नाव मिळालं. अट अशी की पदविका किंवा पदवी हवी, आणि शिक्षण किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं. आता सहा महिन्यांचा कोर्स मोजा. महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास, एकही खाडा नाही: १,२४८ तास. कितीही चांगला असला तरी त्या दाराशी पोचत नाही. म्हणून कोर्स निरुपयोगी ठरत नाही. सहायकाचं काम सहायक करतोच, आणि ते लागतंच. पण ‘सहा महिन्यांत नर्सिंग’ असं कुणी सांगत असेल तर ती थाप आहे. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, आणि परिचर्या परिषदेच्या नोंदणीवाचून कुणी नर्स होत नाही.

असं दार बंद होताना महाराष्ट्राने आधीही पाहिलंय. डॉक्टरांच्या शेजारी बसून लाल मिक्श्चर ढवळणारा, बाटलीला कागदाची खाचेदार पट्टी चिकटवणारा कंपाउंडर आठवतो? १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध तयार करून देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे नेलं. पण कायदा करणारे शहाणे होते. पहिली नोंदवही करताना ज्याने हॉस्पिटलात वा दवाखान्यात किमान पाच वर्षं औषधं बनवली होती, त्याला पदविकेशिवाय आत घेण्याची वाट त्यांनी ठेवली. हाताच्या अनुभवाला कायद्याने मोल दिलं. नंतर आलेल्यांना कॉलेज गाठावं लागलं.

तासांचा हट्ट का, हे वॉर्डात कळतं. लकव्याच्या पेशंटला कूस बदलून द्यायची असते, साधारण दर दोन तासांनी. माकडहाडाच्या वरची कातडी हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबली जाते, सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही, मांस आतून मरू लागतं. तुम्हीआम्ही झोपेतही नकळत कूस बदलतो. त्याला ते जमत नाही, म्हणून कुणाच्या तरी घड्याळाने ते करायचं. वरून नुसता लालसर डाग दिसतो. बोटाने दाबल्यावर तो पांढरा पडला तर अजून वेळ आहे, लालच राहिला तर इजा सुरू झाली. हा फरक सावळ्या कातडीवर ओळखणं आणखी अवघड, आणि पुस्तकातली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची. तो फरक शिकायला खाटेजवळच उभं राहावं लागतं.

अमेरिकेत मेडिकल असिस्टंट हा मान्य पावलेला धंदा आहे. तिथेही २०२३ मध्ये त्यांचा मध्यम पगार वर्षाला ४२,००० डॉलर होता, सगळ्या नोकऱ्यांचा मिळून ४८,०६०. म्हणजे कुठेच हा श्रीमंतीचा रस्ता नाही. पहिली पायरी म्हणून घ्यावा, दोन-तीन वर्षांत पुढच्या पदविकेचं बघावं, हे माझं मत.

तेव्हा फी भरण्याआधी संस्थेत जाऊन तीन गोष्टी लेखी मागा. एकूण किती तास, त्यातले प्रत्यक्ष रुग्णालयात किती, आणि ते रुग्णालय कोणतं. मग सर्टिफिकेट कोण देणार ते विचारा आणि तो कोर्स राष्ट्रीय अर्हता नोंदवहीत आहे का, ते मोबाइलवर स्वतः शोधा. लिहून द्यायला टाळाटाळ झाली, तर पैसे परत पिशवीत ठेवा आणि शेजारची संस्था गाठा.