माळावरचा काजू आणि काश्मीरचा अक्रोड



ऊस विकास विभागाचा लेख म्हटला की लागण, खोडवा, हुमणी हेच विषय आपण धरून चालता. या वेळचा विषय निराळा आहे, आणि त्याला कारण आमचीच तब्येत. दोन वर्षांपूर्वी रक्त तपासले तेव्हा चरबी जास्त निघाली. आम्ही लगेच घरात फर्मान काढले, काजू-बदाम बंद, तेलकट असतात! गटऑफिसात चहाबरोबरचा वडा मात्र चालूच. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, सोडायचं ते धरलंत आणि धरायचं ते सोडलंत."

हा गैरसमज आमच्या एकट्याचा नाही. शिवारफेरीत विचारलं तर घरोघरी तेच ऐकू येतं. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात बदाम, दिवाळीला काजू, एरवी 'ते श्रीमंताचं खाणं, अंगावर चरबी चढते' म्हणून डबा फडताळात वर.

खरे पाहता तेलातेलात फरक आहे. अक्रोडाच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ६५ ग्रॅम स्निग्धांश असतो, पण वनस्पती तुपासारखा गोठणारा भाग त्यात फार थोडा. उलट त्यात सुमारे ९ ग्रॅम ओमेगा-३ जातीचे तेल असते. बदाम-काजूत हे तेल जवळजवळ नसतेच. बदामाचा जोर 'ई' जीवनसत्त्व आणि चोथ्यावर, काजूचा मॅग्नेशियमवर. वडा-भजी काढून त्या जागी ही फळे खाल्ली तर रक्तातली वाईट चरबी उतरते.

स्पेन देशात ५५ ते ८० वयाच्या सुमारे साडेसात हजार लोकांवर मोठा प्रयोग झाला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पद्धतीच्या चुका सापडल्या, म्हणून ते मागे घेऊन २०१८ साली दुरुस्त करून पुन्हा छापले. भाजीपाला, कडधान्ये, मासे अशा आहाराबरोबर रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम व हेझलनट खाणाऱ्या गटात हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. नुसत्या अक्रोडाने झाले असे मात्र कोणी समजू नये.

३० ग्रॅम म्हणजे एक लहान मूठ. त्यात साधारण एका भाकरीएवढी ऊर्जा असते, म्हणून जेवण तेवढेच ठेवून वर मूठ खाल्ली तर वजन वाढेल. खारवलेले, तळलेले नकोत. साखर कारखान्याच्या माणसाने सांगावे म्हणजे गंमतच, पण काजूकतलीतला काजू या हिशेबात धरू नका! लहान पोरांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. कुणाला खाल्ल्यावर ओठ सुजले, धाप लागली तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

अक्रोड येतो काश्मीरहून, आणि महाग. खिशाला झेपत नसेल त्याने जवसाची चटणी खावी, तेच तेल त्यात अक्रोडापेक्षा जास्त आहे. शेंगदाणा झाडावरचा नव्हे, कडधान्याच्या कुळातला, पण प्रथिनात या सगळ्यांच्या पुढे. बुरशी लागलेला मात्र फेकून द्यावा. अक्रोड घेताना एक फोडून चाखावा. जुन्या तेलासारखा वास आला तर तो खवट, दुकानदाराला परत करायला लाजू नका.

आता माळावरच्या गावांचे. तिथे आपल्या कित्येक सभासदांची काजूची झाडे आहेत. उन्हाळ्यात बी वेचायची, पोती भरून व्यापाऱ्याच्या काट्यावर घालायची आणि घरातल्या म्हाताऱ्याच्या ताटात एक दाणा नाही, असे आम्ही दरसाल बघतो. चार किलो बीला साधारण एक किलो गर पडतो. या हंगामात आठ-दहा किलो बी घरासाठी बाजूला ठेवा. मात्र घरी विळ्यावर फोडत बसू नका, टरफलातल्या तेलाने हात भाजतात. जवळच्या काजू फोडणीच्या कारखान्यात मजुरी देऊन गर काढून आणा, आणि हवाबंद डब्यात भरून ठेवा.