गच्चीवर ऊन, नळाला थंड पाणी

दुकान बाजारात आणि घर त्याच्याच माडीवर, या जुन्या व्यवस्थेतून बाहेर पडून अनेक व्यापारी कुटुंबे आज रावेत, पुनावळे, वाकड, मोशी, चिखली आणि थेट चाकणपर्यंतच्या नव्या गृहसंकुलांत स्थिरावत आहेत. मुहूर्त पाहून कलश मांडला जातो, गृहप्रवेश होतो, आप्तेष्टांचे भोजन होते. पुढे मार्गशीर्षातील पहिल्या कडाक्याच्या पहाटे पूजेपूर्वी स्नानास निघालेल्या आजी नळ सोडतात, बादलीमागून बादली भरते, तरी पाणी थंडच. थंड देशांत संपूर्ण घर तापविणारी मध्यवर्ती यंत्रणा असते. आपल्याकडे तिचे स्थान गच्चीवरील सौर पाणीतापकाने घेतले आहे, आणि नव्या घरातील पहिली तक्रार बहुधा त्याच्याविषयीच असते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यात लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत सौर तापकाविषयी तरतूद आहे. त्यामुळे नव्या इमारतींच्या गच्चीवर तो हमखास दिसतो. मात्र यंत्रणा बसविणे आणि ती चालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

यंत्रणेचे तत्त्व साधे आहे. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी खाली उतरते. म्हणून साठवण टाकी तापपट्ट्यांच्या वर ठेवली जाते आणि लहान संचात पंपाविना पाणी फिरत राहते. तापपट्ट्या वेगळ्या आणि उष्णतारोधक आवरणाची टाकी वेगळी, ही रचना १९०९ मध्ये अमेरिकेतील विल्यम बेली यांनी बाजारात आणली. दिवसा तापलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उष्ण राहू लागले, ते या रचनेमुळे. त्यातील शक्तीचा हिशेबही ध्यानात घेण्याजोगा आहे. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास विजेचे सुमारे ४.६५ युनिट लागतात. गच्चीवरील संच बंद पडला म्हणजे तेवढा भार रोज गिझरवर, पर्यायाने वीजबिलावर पडतो.

तीन नोंदींचा ताळमेळ

रोकड जुळली नाही तर जाणता व्यापारी प्रथम चूक कोणत्या वहीत आहे ते शोधतो, कोणावर आरोप करीत नाही. येथेही तीच रीत उपयोगी पडते. साधा तापमापक घेऊन तीन नोंदी कराव्यात: सायंकाळी पाच वाजता टाकीतील पाण्याचे तापमान, पहाटे सहा वाजता त्याच टाकीचे तापमान, आणि त्याच वेळी खालच्या मजल्यावरील नळाचे तापमान.

ऊन स्वच्छ असूनही सायंकाळीच टाकी कोमट असेल, तर दोष तापपट्ट्यांकडे आहे. बांधकामे आणि वाहतूक यांची धूळ या पट्ट्यात काचेवर लवकर साचते. ती पहाटे धुवावी, तापलेल्या काचेवर भर दुपारी पाणी ओतू नये. पट्ट्यांचे तोंड दक्षिणेस आहे काय, शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीची सावली पडते काय, नळात हवा अडकली आहे काय, एखादा व्हॉल्व्ह बांधकामाच्या वेळेपासून बंदच राहिला आहे काय, हे पाहावे. पाणीही कारण असू शकते. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये पवनेचे पाणी दिवसाआड मिळते, त्यामुळे अनेक संकुले टँकर व कूपनलिकांवर विसंबतात. असे पाणी बहुधा जड असते. तापताना त्यातील क्षार कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने बाहेर पडून नळ्यांत थर धरतात. शिवाय गच्चीवरील थंड पाण्याची टाकी रिकामी पडली की काचेच्या नळ्या कोरड्या तापतात आणि दुपारी अचानक थंड पाणी शिरल्यास तडकतात. म्हणून ती टाकी कधीही पूर्ण रिकामी होऊ देऊ नये.

सायंकाळी टाकी उष्ण, परंतु पहाटे गार, असे आढळल्यास रात्रीत काही घडले आहे. टाकीचे आवरण भिजले वा निखळले असेल, रात्री उष्ण पाणी उलट दिशेने तापपट्ट्यांकडे वाहत असेल, किंवा रात्रीच्या वापराने टाकी रिती होऊन तिच्यात थंड पाणी भरले असेल.

पहाटे टाकी उष्ण, नळ मात्र थंड

नव्या इमारतींत हा तिसरा प्रकार फार आढळतो, आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वितुष्ट आणणाराही हाच. न्हाणीघरातील मिक्सरच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवून केवळ हातातील फवाऱ्याची कळ बंद केली, तर अधिक दाबाचे थंड पाणी उष्ण पाण्याच्या नळात शिरते. एका घरातील ही सवय त्याच उभ्या नळावरील सर्व घरांचे पाणी गार करते. दोष विकसकाला दिला जातो, कारण मात्र चौथ्या मजल्यावर असते.

याची परीक्षा विनाखर्च होते. घरात येणाऱ्या थंड पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा आणि थंड पाण्याची तोटी उघडावी. नळातील उरलेले पाणी संपल्यावरही धार चालूच राहिली, तर कोठेतरी उष्ण व थंड नळांची सरमिसळ आहे. दोन्ही बाजूंस उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसविणे आणि मिक्सर नीट बंद करणे, हा उपाय. धारच बारीक असेल तर तोटीची जाळी काढून पाहावी, नव्या घरात तीत वाळू व सिमेंटचे कण हमखास सापडतात.

सरमिसळ नसेल तर उरते नळांची लांबी. ४० मिलिमीटर अंतर्व्यासाच्या नळाच्या प्रत्येक मीटरमध्ये सव्वा लिटर पाणी मावते. अकरा मजल्यांच्या ३३ मीटर उभ्या नळात सुमारे ४१ लिटर पाणी रात्रभर थंड होऊन थांबलेले असते, आणि खालच्या मजल्यावरील पहिले कुटुंब ते मोरीत सोडते. असे चार उभे नळ धरले तर महिन्याला जवळजवळ ५,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरचा अर्धा भाग वाया जातो. परतीचा नळ व वेळेवर चालणारा लहान पंप असेल, तर हे पाणी पुन्हा टाकीत जाते. पंप बसविलेला असतो, परंतु त्याचे घड्याळ चुकीच्या वेळेवर असते, असेही घडते.

व्रताचा आणि कायद्याचा भाग

जैन गृहस्थाला हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. पाणी म्हणजे अप्काय जीव. स्नानास लागणारे पाणी ही गृहस्थाची गरज आहे, परंतु कोणाच्याही उपयोगी न पडता मोरीत गेलेले ४१ लिटर हा श्रावकाच्या बारा व्रतांतील अनर्थदंड विरमण व्रताचा विषय ठरतो. तोपर्यंत ते पाणी बादलीत धरून लादी पुसण्यास वा झाडांस वापरणे, एवढी जयणा प्रत्येक घरात शक्य आहे. सौर तापकाचे पाणी उकळलेले नसते, म्हणून तपस्व्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी ते चालणार नाही, हेही नव्या पिढीला सांगावयास हवे.

दुरुस्तीचा भार कोणावर, हा वाद उरतो. स्थावर संपदा अधिनियम २०१६ च्या कलम १४(३) अन्वये, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाची कारागिरी, दर्जा वा सेवांच्या तरतुदीत दोष निदर्शनास आणल्यास विकसकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. आवरण नसणे, नळ चुकीचे जोडणे, पट्ट्या चुकीच्या दिशेस बसविणे हे या प्रकारचे दोष आहेत. धूळ, क्षार आणि उघडे राहिलेले मिक्सर यांची जबाबदारी मात्र रहिवाशांचीच. म्हणून वरील तीन नोंदी किमान आठवडाभर तारीखवार लिहून तक्रार लेखी द्यावी व पोच घ्यावी. व्यवस्थापन हस्तांतरित होताना नळजोडणीचा नकाशा, संचाची क्षमता आणि हमीपत्रे मागून घ्यावीत.

हे काम दिवाळीपूर्वी, आकाश निरभ्र झाल्यावर करणे उत्तम. पावसाळ्यात ढगांमुळे खरा दोष कळत नाही आणि पौषात तंत्रज्ञ मिळत नाहीत. संकुलातील दोन निवृत्त सदस्यांनी एक वही आणि एक तापमापक घेऊन हे काम अंगावर घेतले, तर पुष्कळशा तक्रारी सभेच्या विषयपत्रिकेवर येण्यापूर्वीच मिटतील.