पूल नवा झाला, राखण आपल्याकडे आली



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या बोलण्यात तोडणी, टोळ्या, वाहतूक आणि दर याशिवाय दुसरे काही नसते. या खेपेला आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. कोल्हापूरचा पंचगंगेवरचा शिवाजी पूल! विषय वेगळा असला तरी परका नाही. रत्नागिरीकडून, पन्हाळ्याकडून येणारा रस्ता शहरात शिरतो तो इथेच नदी ओलांडून. दवाखाना म्हणा, बाजार म्हणा, पोरांचे कॉलेज म्हणा, नदीपलीकडच्या माणसाचे गाडे या पुलावाचून हलत नाही. आणि ऊस भरलेली वाहने कुठल्या ना कुठल्या पुलावरून गेल्याशिवाय गव्हाणीपर्यंत पोचत नाहीत.

जुना पूल १८७० च्या दशकातला. ब्रिटिश अमदानीत त्याला विल्सन पूल म्हणत. पुढे तो शिवाजी पूल झाला. घडीव दगडाच्या कमानी, चुन्याची बांधणी. त्या काळी त्याच्यावरून जायचे काय, तर बैलगाडी, घोडे आणि पायी माणसे. दोन-अडीच टन ऊस भरलेली बैलगाडी म्हणजे भारी ओझे. आज ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस असतो, शिवाय ट्रॅक्टर-ट्रॉलीचे वजन वेगळेच. पूल तोच राहिला, ओझे मात्र कितीतरी पटींनी वाढले.

दगडी कमानीचा गुण असा, की वरून भार आला की दगड एकमेकांना घट्ट दाबून धरतात. म्हणून तर असे पूल शंभर-दीडशे वर्षे उभे राहतात. पण त्याला शत्रूही आहेत. पहिला शत्रू मुरणारे पाणी. पुलावरचे पाणी बाहेर टाकणाऱ्या पन्हळी बुजल्या, की पाणी आतल्या भरावात उतरते आणि सांध्यांतला चुना हळूहळू धुऊन नेते. दुसरा शत्रू पिंपळ आणि उंबर. पाखराने टाकलेल्या बियाचे रोप पहिल्या वर्षी दोन बोटांनी उपटते; दहा वर्षांनी त्याचे मूळ दगड सरकवते. तिसरा शत्रू पायाशी असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. महापुराचे पाणी खांबाला धडकून भोवरा करते आणि बुडाची वाळू-माती उकरून नेते. आपण वरून बघतो तेव्हा पूल ठणठणीत दिसतो, खाली मात्र पाय मोकळे होत असतात.

यात नुसती भीती घालण्याचा आमचा हेतू नाही. महाडजवळ सावित्री नदीवर काय झाले ते आठवा. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि वाहतुकीला धोका नाही असेच ठरले होते! पाहणी झाली नव्हती असे म्हणता येत नाही. वरवर बघणे निराळे आणि पाण्याखाली उतरून पाया तपासणे निराळे, हा धडा त्या रात्रीने फार मोठी किंमत घेऊन शिकवला. पुढे तिथला नवा पूल वर्षभराच्या आत, जून २०१७ मध्ये, वाहतुकीला खुला झाला. म्हणजे मनावर घेतले तर पूल लवकर होतो. मनावर घ्यायला माणसे बुडावी लागतात, एवढेच दुःख.

आता आपल्या पंचगंगेवर या. जुन्याला जोडीदार म्हणून पर्यायी पुलाचे काम सुरू झाले आणि बरेचसे झालेही. पण शेजारीच ब्रह्मपुरीची टेकडी, पुरातत्त्वाच्या दृष्टीने संरक्षित. अशा स्थळापासून शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामाला कायद्याने मनाई आहे. इतिहास जपला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण परवानगीच्या घोळात काम अडकले ते अडकलेच. अर्धा पूल नदीत उभा आणि सगळी वाहतूक जुन्यावर, हे चित्र कोल्हापूरकरांनी काही वर्षे पाहिले. आंदोलने केली, निवेदने दिली.

मग २६ जानेवारी २०१८ ची रात्र उजाडली, असे म्हणायचीही जीभ होत नाही. गणपतीपुळ्याहून परतणारी, पुणे परिसरातल्या प्रवाशांची मिनीबस मध्यरात्रीच्या सुमारास जुन्या पुलाचा दगडी कठडा तोडून नदीत पडली. तेरा माणसे गेली. त्यांत लहान लेकरे होती. चालकाचा ताबा सुटला असे सांगितले गेले. असेलही. पण ताबा सुटलेली गाडी अडवणे हेच तर कठड्याचे काम! बैलगाडीच्या जमान्यातल्या कठड्याकडून आपण बसगाडी अडवण्याची अपेक्षा करत होतो. अखेर २०१९ साली पर्यायी पूल सुरू झाला.

आता गोष्ट इथे संपली, असे पुष्कळांना वाटते. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. खरी गोष्ट इथून सुरू होते. नवा पूल काँक्रीटचा म्हणून त्याच्याकडे बघायला नको, ही समजूत चुकीची आहे. काँक्रीटच्या पोटात लोखंड असते आणि बारीक चिरेतून पाणी शिरले की ते गंजते. गंजलेले लोखंड फुगते आणि वरचा थर फोडते. गाळ्यांच्या मधले सांधे झिजतात. खांबाच्या माथ्यावर, तुळईखाली बसवलेल्या बेअरिंगा तर कधी ना कधी बदलाव्याच लागतात. सांध्यावर गाडी दणकली की तो दणका थेट खाली उतरतो. आणि पायाशी उकरणारे पाणी दगड-काँक्रीट असा भेद करत नाही. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिलेत. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या दोन्ही वर्षी पाणी ती ओलांडून कितीतरी वर गेले होते.

म्हणून पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा प्रत्येक पुलाची तपासणी व्हायला हवी. ते काम सरकारी खात्याचे, हे कबूल. पण आपल्या वाटणीचे काम कुणी करायचे? खरे सांगायचे तर पुलाला त्रास देण्यात ऊसवाल्यांचा हात लहान नाही. “एका खेपेनं काय हुतंय?” असे म्हणत ट्रॉली शिगोशीग भरायची, आणि हंगामभर प्रत्येकाने तेच म्हणायचे! पुलावर सांडलेले पाचट पन्हळीत जाऊन बसते. मग पाणी तुंबते आणि तिथूनच मुरायला लागते. आपल्या लक्षातही येत नाही.

तेव्हा या हंगामात सभासद, वाहतूकदार आणि मुकादम मंडळींनी एवढे पाळावे, ही विनंती:

१. ठरवून दिलेल्या वजनापेक्षा जादा ऊस भरू नये. एक खेप वाढली तरी चालेल.

२. मोळ्या घट्ट बांधाव्यात. पुलावर ऊस किंवा पाचट पडल्यास बाजूला नव्हे, उचलून सोबत न्यावे.

३. वाहन बंद पडल्यास चाकाला लावलेला दगड निघताना रस्त्यावर टाकून जाऊ नये. रात्री त्याच दगडावर दुचाकीवाला जातो.

४. ट्रॉलीच्या मागे चमकपट्टी लावल्याशिवाय रात्री पुलावर चढू नये. पुलावर गाडीला बगल द्यायला जागा नसते.

५. आपल्या गावच्या ओढ्यावर, नदीवर जो पूल असेल त्याच्या कमानीत रोप उगवलेले, कठडा ढासळलेला, सांधा उघडा पडलेला किंवा खांबाखालची माती गेलेली दिसली, तर ग्रामपंचायतीला आणि बांधकाम खात्याला लेखी कळवावे. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. अर्जाची पोचघ्यायला विसरू नये.

६. पुलाच्या अल्याड-पल्याड वाळू उपसू देऊ नये. नदीचे पात्र खोल गेले, की पुलाचे पाय उघडे पडतात.

आपला बैल लंगडायला लागला तर आपण दुसऱ्या दिवशी त्याला औताला जुंपत नाही. खूर बघतो, औषध लावतो. पुलाला तोंड नाही, तो लंगडूनही दाखवत नाही. त्याचे खूर आपल्यालाच वाकून बघावे लागतात. पंचगंगेच्या जुन्या पुलाने जवळपास दीडशे वर्षे आपली ओझी वाहिली. नव्याने निदान तेवढी वाहावी असे वाटत असेल, तर त्याची राखण पहिल्या दिवसापासून करायला हवी. तेरा जणांची आठवण ठेवण्याचा आम्हाला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.