जुनी ‘कॅटलिना २२’ घेण्यापूर्वी

- बोट : ट्रेलरवरून नेता येणारी अमेरिकी शिडाची बोट. आराखडा फ्रँक बटलर यांचा. उत्पादन १९६९ पासून. १५ हजारांहून अधिक बोटी बांधल्या गेल्या.
- मापे : लांबी २१.५ फूट, रुंदी ७ फूट ८ इंच. अमेरिकी महामार्गांवरील सर्वसाधारण रुंदीमर्यादा ८ फूट ६ इंच, म्हणजे बोट तिच्या आत बसते.
- हलती कील (बोटीच्या तळाखालचे वजनदार पाते) : ओतीव लोखंडाची, सुमारे २५० किलो. वर उचलल्यास २ फूट पाणी पुरते. खाली सोडल्यास ५ फूट लागते.
- स्थिर कील : देखभाल कमी, पाण्यात उतरवायला धक्क्याशी जास्त खोली हवी.
- तपासणी : कीलची पिन व उचलण्याची तार, डोलकाठीच्या तारांचे तुटलेले धागे. डेक ठोकल्यावर बद्द आवाज ही आतले लाकूड कुजल्याची खूण.
- ट्रेलर : टायर, बेअरिंग, ब्रेक, गंज.