शेवंती रात्र मोजते

आंदर मावळात टाकवे बुद्रुकला पाऊस असा कोसळतो, की शेवंतीच्या कुंड्या वळचणीला घ्याव्या लागतात. मुळाशी पाणी साचलं की रोप बसलंच. श्रावणापर्यंत नुसता पाला. दसरा-दिवाळीच्या सुमारास मात्र शेंड्यांवर हिरव्या, घट्ट, बटणासारख्या कळ्या धरतात. थंडीची चाहूल लागली म्हणून, असं आपण म्हणतो. पण मुख्य इशारा असतो अंधाराचा.

इथे जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरातला लहानात लहान अकरा तासांचा. लंडनमध्ये हाच फरक साडेसोळा ते आठ तासांचा! आपल्याकडचा एवढासा बदलही शेवंतीला पुरतो. रात्र पुरेशी लांबली की ती कळी धरते.

ही मोजणी करतात पानं. १९३०च्या दशकात रशियात मिखाईल चैलाख्यान यांनी शेवंतीवरच एक झकास प्रयोग केला. शेंड्याकडची पानं काढून टाकली, खालच्या पानांना लांब रात्र दिली आणि शेंड्याला मोठा दिवस. तरी फूल आलं. म्हणजे निरोप पानांतून वर गेला होता. तो निरोप्या, म्हणजे एक प्रथिन, सापडायला मात्र २००७ उजाडलं.

अंगणातली शेवंती नुसतीच माजत असेल, तर खताआधी विजेच्या खांबाकडे बघा. मध्यरात्रीचा उजेड तिची रात्र मोडतो. पॉलिहाऊसवाले हीच युक्ती मुद्दाम वापरून फुलं लांबवतात. कुंडी परसात हलवा. झेंडू त्या मानाने बिनतक्रार; रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलतो.