हॉल बुक करण्याआधीची एक रक्ततपासणी

लग्नाची नोंदणी करायला जोडपं प्रभाग कार्यालयात जातं, तेव्हा लग्न होऊन गेलेलं असतं. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेचं प्रभाग कार्यालय, ठाण्यात प्रभाग समितीचं. नमुना ‘ड’ भरायचा, कोर्ट फी तिकीट लावायचं, तीन साक्षीदार उभे करायचे, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही आणायची, लग्नपत्रिका आणि फोटो जोडायचे. राज्याच्या १९९८ च्या कायद्याने यासाठी लग्नापासून ९० दिवस दिले आहेत, त्यानंतर विलंब शुल्क पडतं. वय, पत्ता, आधीची वैवाहिक स्थिती असं सगळं त्या कागदावर विचारलेलं आहे. आरोग्याबद्दल एक ओळही नाही.

ती नसावीच, असं माझं मत आहे. कोणाच्या रक्तात काय आहे हे खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याला कळायचं कारण नाही. पण त्याच खिडकीवर जोडप्याच्या हातात एक साधी माहितीपत्रिका द्यायला काय हरकत आहे? कॅलिफोर्नियात विवाह परवाना घेणाऱ्याला आनुवंशिक आजार, एचआयव्ही तपासणी आणि कौटुंबिक हिंसाचार यांची माहिती असलेली पुस्तिका मिळते. तिथे परवाना लग्नाआधी घ्यावा लागतो, त्यामुळे माहिती वेळेवर हाती पडते. आपल्याकडे महापालिकेने उद्या अशी पत्रिका छापली, तरी एका बाबतीत ती उशिराच पोचेल.

नोंदणी विवाह करणाऱ्यांना मात्र थोडी सवड मिळते. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. नोटीस फलकावर लागते, हरकतीसाठी ३० दिवस थांबावं लागतं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकावं लागतं. बहुतेक जोडपी हे ३० दिवस साक्षीदारांच्या रजा जुळवण्यात घालवतात. रक्त तपासून अहवाल समजून घ्यायला हा वेळ पुरेसा आहे.

उशिरा कळून चालत नाही अशी गोष्ट म्हणजे थॅलेसेमियाचा वाहक असणं, म्हणजेच थॅलेसेमिया मायनर. वाहक माणूस ठणठणीत असतो. लोकलला लटकतो, ट्रेकला जातो, त्याला औषध लागत नाही. फार तर कोणीतरी ‘हिमोग्लोबिन जरा कमी आहे’ म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देत राहतं आणि त्या लागू पडत नाहीत. अडचण येते ती वाहकाची गाठ वाहकाशी पडली तर. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याच्या वेळी ती कमी होत नाही. मेजर असलेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि त्या रक्तातून शरीरात साठणारं लोह काढायला रोज औषध घ्यावं लागतं. आईवडिलांचं सगळं आयुष्य रक्तपेढीच्या वेळापत्रकाला बांधलं जातं.

आपल्या भागात हा विषय लांबचा नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि त्याच कॅम्पचं पुढे उल्हासनगर झालं. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत वाहकांचं प्रमाण देशाच्या तीन-चार टक्क्यांच्या सरासरीहून जास्त आढळतं. राज्याच्या आदिवासी भागांत सिकलसेल आढळतो. त्याचं गणित असंच चालतं, आणि एक जण सिकलसेलचा व दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला तरीही मूल आजारी जन्मू शकतं. म्हणून ‘आमच्यात असलं काही नसतं’ हे वाक्य सोडून द्यायला हवं. डोंबिवलीच्या एका सोसायटीत कोकणातले, खानदेशातले, गुजरातचे, केरळचे असे सगळे एका जिन्यावर राहतात आणि मुलं ऑफिसात जोडीदार शोधतात. आडनावावरून रक्त ओळखता येत नाही.

तपासणी दोन पायऱ्यांची आहे. पहिली सीबीसी, जी कोपऱ्यावरच्या लॅबमध्येही होते. समजा अहवालात हिमोग्लोबिन ११.२ आहे, लाल पेशी ५९ लाख, एमसीव्ही ६४ आणि एमसीएच १९. माणूस हिमोग्लोबिनचा आकडा बघून कागद मिटतो. खरं पाहायचं ते पुढचं. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान. ते ८० च्या खाली आणि एमसीएच २७ च्या खाली असेल, तर पेशी लहान आणि फिक्या आहेत. लोह कमी असलं तरी तसं होतं, पण तेव्हा पेशींची संख्याही सहसा घटते. इथे पेशी लहान असूनही भरपूर आहेत. एमसीव्हीला दशलक्षांतल्या पेशीसंख्येने भागा, म्हणजे ६४ भागिले ५.९, उत्तर येतं ११ च्या जवळ. १३ च्या खालचं उत्तर थॅलेसेमिया मायनरकडे बोट दाखवतं. हा नुसता अंदाज झाला, निदान नव्हे.

निदानासाठी दुसरी पायरी, एचपीएलसी. या तपासणीत यंत्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून आलेखात उंचवटे काढतं. त्यातल्या हिमोग्लोबिन ए-टूचा आकडा पाहायचा. तो साडेतीन टक्क्यांच्या वर गेला तर शंका घ्यावी, चारच्या वर असेल तर माणूस बहुधा वाहकच असतो. सिकलसेलचं हिमोग्लोबिनही याच आलेखात वेगळं दिसतं. लोहाची मोठी कमतरता असेल तर ए-टू खोटा कमी दिसू शकतो, म्हणून डॉक्टर कधी आधी लोह भरून काढून तपासणी पुन्हा करायला सांगतात. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर तेही सांगावं. ही तपासणी आयुष्यात एकदाच करायची असते. उत्तर बदलत नाही.

पण समोरच्यांकडे हा विषय काढायचा कसा? बोलणी चालू असताना ‘मुलीचं रक्त तपासा’ म्हटलं की बैठकीचा नूर पालटतो. माझ्या मते सोपी वाट अशी की आधी स्वतःची तपासणी करून घ्यावी, स्थळं बघायला लागण्याच्याही आधी. दोघांपैकी एकाचा अहवाल स्वच्छ असेल, तर मुलाला थॅलेसेमिया मेजर किंवा सिकलसेलचा आजार होण्याची भीती जवळजवळ संपते आणि दुसऱ्या घरी तो प्रश्न विचारावाही लागत नाही. तुम्ही वाहक निघालात, तरच जोडीदाराला सांगा आणि त्याला किंवा तिला तपासून घ्यायला सांगा. हे दोघांचं बोलणं आहे, मामा-काकांच्या बैठकीत मांडायचं नाही. मामेबहीण-आतेभाऊ असं नात्यातलं लग्न ठरत असेल तर मात्र दोघांनीही तपासावं, कारण एकाच आजीकडून दोघांकडे तेच जनुक आलेलं असू शकतं.

दोघंही वाहक निघाले तर लग्न मोडायलाच हवं, असं मुळीच नाही. गर्भारपणाच्या साधारण ११ व्या-१२ व्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन बाळाला आजार आहे का हे तपासता येतं. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची रोगप्रतिकारक-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे हे काम होत आलं आहे. बाळ मेजर असेल तर पुढे काय करायचं, हा निर्णय कायद्याच्या चौकटीत त्या बाईने आणि तिच्या जोडीदाराने घ्यायचा. अट एवढीच की आपण वाहक आहोत हे दोघांना आधी ठाऊक हवं आणि दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांकडे जायला हवं. चौथ्या-पाचव्या महिन्यात नाव नोंदवलं तर हातातला वेळ निसटतो.

लोकांना भीती वाटते ती भलत्याच गोष्टीची. ‘दोघांचा रक्तगट एकच आहे, चालेल ना?’ हा प्रश्न अजून विचारला जातो, काही जण त्याला एकनाडीची जोडही देतात. रक्तगट एकच असल्याने मुलांना काहीही होत नाही. लक्ष ठेवायचं ते बायको आरएच निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर. त्यावरही अँटी-डी इंजेक्शनचा उपाय आहे. ते २८ व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांत देतात. गर्भपात झाला तरीही ते चुकवू नये.

बाकीच्या गोष्टी लग्नानंतरही करता येतात, पण नोटिशीच्या महिन्यात उरकल्या तर बरं. रुबेलाची लस घेतली तर नंतर किमान एक महिना दिवस राहू द्यायचे नसतात. फोलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून सुरू करायची असते, कारण बाळाचा मज्जारज्जू घडतो तो पहिल्या काही आठवड्यांत, बाईला चाहूल लागण्याच्या सुमारास. हिपॅटायटिस बी तपासून घ्यावा, त्याला लस आहे. एचआयव्हीची तपासणी सरकारी समुपदेशन केंद्रात मोफत होते आणि २०१७ च्या कायद्याप्रमाणे ती संमतीशिवाय करता येत नाही, निकालही गुप्त ठेवावा लागतो.

मग सगळ्यांना सक्तीच का करू नये? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने १९८८ मध्ये लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची केली. जोडपी शेजारच्या राज्यांत जाऊन लग्न करू लागली आणि १९८९ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. सायप्रसमध्ये थॅलेसेमियासाठी वेगळी वाट निघाली. तिथल्या चर्चने लग्नाआधी प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली, पण त्यावर फक्त तपासणी आणि समुपदेशन झाल्याची नोंद असते. निकाल जोडप्यापाशीच राहतो. बहुतेक वाहक जोडप्यांनी लग्नं केली आणि तरी मेजर मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी हेच उचलावं, पण नोंदणीच्या खिडकीवर थांबू नये. कॉलेजांत, विवाह मंडळांत, हॉलच्या बुकिंग काउंटरवर ती पत्रिका पोचवावी.

आणि एखाद्या घरात कोणी वाहक निघालंच, तर त्याच आठवड्यात भावंडांना कळवावं. प्रत्येक सख्ख्या भावंडात तेच जनुक असण्याची शक्यता किमान निम्मी असते, आणि त्यांच्यापैकी कोणाचं तरी स्थळ बघणं चालू असेल.