दाढीवाल्या सरड्याचं ऊन

कळव्यातल्या आमच्या सोसायटीत नववीतला एक मुलगा राहतो. गेल्या वर्षी जूनमध्ये वाढदिवसाला त्याच्या मामानं त्याला एक पिल्लू आणून दिलं. वीतभर लांबीचं, वाळूच्या रंगाचं, गळ्याभोवती मऊ काट्यांची झालर. मला दाखवायला आला तेव्हा स्वारी खुशीत होती. "काका, बिअर्डेड ड्रॅगन! दाढीवाला सरडा!"

दिवाळीच्या सुट्टीत तो पुन्हा आला तो रडवेला होऊन. "काका, हा चालतच नाही हो." पाहिलं तर मागचे पाय वाकलेले आणि खालचा जबडा रबरासारखा मऊ. घरच्यांनी लाडात काही कमी केलं नव्हतं. खिडकीशी काचेची पेटी ठेवली होती, सकाळचं ऊन त्यात येत होतं आणि रोज ताजा पालक बारीक चिरून घातला जात होता. मग हाडं का वाकली?

मंडळी, चूक या दोन गोष्टींतच होती. हाडं घट्ट होण्यासाठी कॅल्शियम लागतं आणि ते अंगी लागण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व लागतं. हे जीवनसत्त्व या सरड्याच्या कातडीत उन्हातल्या अतिनील किरणांमुळे तयार होतं. पण खिडकीच्या आणि पेटीच्या काचेतून ऊब आत येते, हे किरण येत नाहीत. त्यात पालकातलं ऑक्झलेट खाण्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणजे पोट भरत होतं आणि हाडं उपाशी राहत होती.

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, रखरखीत भागातला. ऑस्ट्रेलियानं 1960 च्या दशकापासून आपल्या वन्य प्राण्यांची व्यापारी निर्यात बंद केली. त्यामुळे आज जगभर घरोघरी दिसणारे हे सरडे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. तरी शरीर मात्र वाळवंटाचंच राहिलं आहे. आपलं कळवा म्हणजे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर. पावसाळ्यात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. या दोन हवामानांची गाठ आपल्या दिवाणखान्यात घालून द्यायची, हे पाळणाऱ्याचं खरं काम.

सुरुवात घरापासून करू. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत हा सरडा दीड ते दोन फूट वाढतो. त्याला निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी हवी. आपल्याकडच्या दमट हवेत पूर्ण काचेच्या पेटीपेक्षा वारा खेळेल अशी जाळीची लाकडी पेटी बरी. पेटीच्या एका टोकाला ऊब देणारा दिवा लावावा आणि त्याखाली बसायला सपाट दगड ठेवावा. दगडावर 38 ते 42 अंश सेल्सिअस तापमान असावं, दुसऱ्या टोकाला 25 ते 28. हवं तेव्हा शेकायचं, नको तेव्हा सावलीत जायचं, ही निवड त्याची त्याला करता आली पाहिजे. दोन्ही टोकांना तापमापक लावा, हातानं अंदाज घेऊ नका.

ऊब देणाऱ्या दिव्याखेरीज अतिनील किरण देणारी वेगळी नळी लागते. ती रोज 10 ते 12 तास चालू ठेवायची आणि रात्री दोन्ही दिवे बंद करायचे. ही नळी उजेड देत राहिली तरी तिचे किरण हळूहळू क्षीण होतात. म्हणून उत्पादकानं सांगितल्याप्रमाणे साधारण सहा ते बारा महिन्यांनी ती बदलावी. कोवळ्या उन्हात गच्चीवर न्यायचं असेल तर जाळीच्या पिंजऱ्यात न्या. निम्म्या भागावर सावली ठेवा आणि स्वतः तिथे थांबा. घारी, कावळे, मांजरं टपलेली असतात. काचेची पेटी उन्हात कधीच ठेवू नका, काही मिनिटांत तिची भट्टी होते.

तळाला वाळू नको. खाण्याबरोबर ती पोटात जाते. वर्तमानपत्र सर्वांत उत्तम, आजचं वाचून झालं की घाला! हवेतला ओलावा 30 ते 40 टक्के चांगला. आपल्या पावसाळ्यात तो 80 च्या पुढे जातो आणि मग छातीचे विकार होतात. त्या दिवसांत पेटीत पाणी फवारू नका. एसीचा कोरड्या हवेचा पर्याय वापरा किंवा ओलावा शोषणारं यंत्र लावा. शेकताना तोंड उघडं ठेवणं ही अंग थंड करण्याची रीत आहे. पण श्वासाचा आवाज येऊ लागला किंवा तोंडात चिकट स्राव दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आता खाणं. पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा किडे लागतात, दहा-पंधरा मिनिटांत संपतील इतकेच. मोठा झाला की रोज भाजी आणि आठवड्यातून दोन-तीनदा किडे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. खाद्यासाठी वाढवलेले रातकिडेच घ्या, त्यांना आदल्या दिवशी गाजर-भोपळा खाऊ घाला आणि देताना वर कॅल्शियमची पूड भुरभुरा. स्वयंपाकघरातली झुरळं नकोत, त्यांच्या पोटात औषध असू शकतं. काजवा तर चुकूनही नको. काजवे खाऊन हे सरडे मेल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत, एकच काजवाही पुरतो. भाजीत लाल भोपळा, दुधी, शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं चालतात. पालक, अळू, माठ टाळा. अॅव्होकॅडो विषारी आहे.

दोन नर एकत्र ठेवू नका, ते भांडतात. हाताळल्यावर साबणानं हात धुवा, कारण या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. घेताना पक्कं बिल मागा. घोरपड, तारा कासव, पोपट हे आपल्याकडचे प्राणी पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर हिरव्या इग्वानासारख्या काही परदेशी जातींची सरकारदरबारी नोंदणीही सक्तीची झाली आहे. म्हणून कोणताही प्राणी आणण्याआधी वन विभागात चौकशी करावी. आणि कंटाळा आला म्हणून त्याला पारसिकच्या डोंगरावर सोडून देऊ नये. तो तिथला नाही.

आमच्या सोसायटीतला सरडा वाचला. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर शोधायलाच आठवडा गेला. नळी आली, पालक बंद झाला, कॅल्शियमचं औषध सुरू झालं. आता तो चालतो, पण पाय वाकडेच राहिले, ते सरळ होणार नाहीत. हा सरडा नीट सांभाळला तर दहा वर्षं जगतो. तोवर आमचा नववीतला मुलगा नोकरीला लागलेला असेल. म्हणून पालकांना माझं एकच सांगणं आहे. आधी पेटी, दिवे आणि डॉक्टर बघून ठेवा. आठवडाभर रिकाम्या पेटीतलं तापमान आणि ओलावा रोज लिहून काढा. आकडे जमले तरच पिल्लू घरी आणा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)